करणी

नववीच्या बीजगणितात करणी, म्हणजे √२ सारख्या संख्या, शिकवायला घेतली की मागच्या बाकावरून दरवर्षी कोणीतरी विचारतोच, "सर, लिंबू-मिरची आणू का?" एकवीस वर्षं मी या विनोदावर हसलो नाही. यंदा चाचणीची प्रश्नपत्रिका स्वतः टाइप करायची वेळ आली, तेव्हा पटलं की पोरांचंच बरोबर होतं.

पूर्वी सोपं होतं. टाइप करणारा वर्गमुळाच्या जागा मोकळ्या सोडायचा, मी पेनाने √ काढायचो आणि पुढचं झेरॉक्सवाला बघायचा. यंदा मुख्याध्यापिकाबाईंचा हुकूम आला: पेपर वर्डमध्ये, मेलवर, पेनाचा डाग नको.

कीबोर्डवर डॉलर आहे. नववीतल्या पोराला डॉलर कशाला लागतो? पण √ नाही. सिम्बॉलच्या खिडकीत शिरलो, तर आषाढीची गर्दी. मला हवा तो एक वारकरी सोडून सगळे भेटले. कुणी सांगितलं, ऑल्ट धरून २५१ दाबा. दाबलं. काही नाही. तो मंत्र उजवीकडच्या वेगळ्या आकड्यांवरच चालतो म्हणे, आणि माझ्या लॅपटॉपला तो भागच नाही.

शेवटी संगणकाचे सर आले. वय सव्वीस. "सर, २२१ए लिहा आणि ऑल्ट-एक्स दाबा की." खरंच √ उमटलं! त्यांना चहा पाजला.

मग मी २√३ लिहायला घेतलं. २ लिहिला, पुढे २२१ए, ऑल्ट-एक्स. पडद्यावर एक चिनी अक्षर. पुसलं, पुन्हा केलं, तेच अक्षर. ५√३ करून पाहिलं, तर नुसता रिकामा चौकोन. घामच फुटला. दुसऱ्या दिवशी उलगडा झाला: वर्ड माझा आधीचा २ सुद्धा गिळून २२२१ए वाचत होतं, आणि त्या घर क्रमांकावर चिनी लिपीतलं एक अक्षर सुखाने नांदतंय. ५२२१ए ला अजून कोणी राहायलाच आलेलं नाही. उपाय? मध्ये जागा सोडा, काम झालं की ती काढा.

त्यातून √ आलं तरी बोडकं. अ+ब दोन्ही मुळात घ्यायचे, तर वर आडवी रेघ हवी. क्रिस्टोफ रुडॉल्फ या जर्मन गणितज्ञाने १५२५ मध्ये हे चिन्ह छापलं तेही बिनरेघेचं. छप्पर घातलं फ्रेंच गणितज्ञ देकार्तने, १६३७ मध्ये. म्हणजे ११२ वर्षं. मला ऑल्ट आणि बरोबरचं चिन्ह एकत्र दाबून समीकरणाची चौकट उघडायला चार दिवस लागले. देकार्तपेक्षा बराच आहे म्हणायचा मी.

पेपर छापून आला. साऱ्या करण्या छपराखाली. फक्त प्रश्न तिसरा, उपप्रश्न दुसरा: '२√३ × √१२ सोपे रूप द्या' यात चिनी पाहुणा तसाच राहून गेलेला, त्याला चिकटून ३, मग × √१२.

वर्गात कोणी चकार शब्द काढला नाही. पेपर तपासताना मात्र एका पोरीची वही पुढे आली. लिहिलं होतं:

"समजा, दिलेले चित्र = क. ∴ ३क × √१२ = ३क × २√३ = ६क√३."

पायऱ्या चोख होत्या. पूर्ण गुण दिले. मागच्या बाकावरचीच होती ती.