मी लावलेले दिवे

आमच्या घरात ‘काय दिवे लावलेत?’ हा प्रश्न मला वर्षातून दहा-बारा वेळा विचारला जातो. त्याला शब्दशः उत्तर देण्याची संधी मात्र मला आयुष्यात एकदाच मिळाली. त्या संधीचे मूळ गाडीच्या एका जळालेल्या बल्बमध्ये होते. डावा हेडलाइट गेला, तेव्हा एवढ्याशा कामासाठी मेकॅनिककडे कशाला जायचे, अशा विचाराने मी बल्ब स्वतः बदलला. हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावायचे नसते, कारण बोटांचा तेलकटपणा काचेवर राहिला तर ती जागा जास्त तापून बल्ब लवकर जातो, एवढे मला ठाऊक होते. म्हणून तो रुमालात धरून, पाळण्यात बाळ ठेवावे तसा आत सरकवला, शेवटी जरासा दाबला आणि बॉनेट बंद केले. दिवा लागला, मी धन्य झालो आणि त्याच रात्रीपासून समोरून येणारी प्रत्येक गाडी मला डिप्पर मारू लागली.

पहिले दोन दिवस मला वाटले, आपल्या ओळखी वाढल्या आहेत. मी हात उंचावून प्रतिसादही देत होतो. तिसऱ्या रात्री एका ट्रकचालकाने टपावरच्या दिव्यांसकट आपल्याकडचा सगळा उजेड माझ्या डोळ्यांत ओतला, तेव्हा शेजारी बसलेली पत्नी म्हणाली, “अहो, ते नमस्कार करत नाहीयेत, शिव्या देतायत.” दिव्यांचा रोख वर गेला आहे, हा निष्कर्ष मी तिथेच काढला. तो रोख घरच्या घरी खाली आणायचा, हा निर्णयही मी तिथेच घेतला, आणि तिने खिडकीबाहेर पाहिले.

या विषयाचा अभ्यास केल्यावर माझ्या ध्यानात आले, की हे काम वरवर स्क्रू फिरवण्याचे असले, तरी आतून ते भूमितीचे आहे, आणि भूमितीशी माझे संबंध शाळेपासूनच बरे नाहीत. लो बीमच्या, म्हणजे जवळच्या रस्त्यावर पडणाऱ्या खालच्या झोताच्या, उजेडाला वरच्या बाजूने एक स्पष्ट कड असते; कडेखाली उजेड, कडेवर अंधार. ही कड दिव्याच्या उंचीपेक्षा किंचित खाली उतरत गेली पाहिजे. ‘किंचित’ म्हणजे किती, हे बहुतेक गाड्यांत टक्क्यांत सांगितलेले असते आणि माझ्या गाडीचा आकडा १ टक्का होता, म्हणजे १० मीटर अंतरावर १० सेंटिमीटर. माझे दिवे जमिनीपासून ७० सेंटिमीटर उंचीवर असल्यामुळे हा उजेड ७० मीटरवर रस्त्याला टेकतो. तोच दिवा अवघा १ अंश वर झाला, तर ५० मीटरवर कड सुमारे ८७ सेंटिमीटरने उचलली जाते आणि समोरच्या माणसाच्या गुडघ्याखाली पडायचा प्रकाश थेट त्याच्या डोळ्यांपाशी पोहोचतो. आयुष्यात इतक्या थोड्या चुकीला इतकी मोठी शिक्षा मी फक्त भाजीत मीठ घालताना पाहिली होती.

त्यासाठी गाडी आधी भिंतीला जवळजवळ चिकटवून उभी करायची, दोन्ही दिव्यांच्या मध्यांसमोर भिंतीवर चिकटपट्टीच्या फुल्या मारायच्या आणि मग गाडी सरळ मागे न्यायची. अमेरिकेत हे अंतर २५ फूट, म्हणजे साधारण साडेसात मीटर धरतात आणि घरासमोर जागाही तेवढीच असल्यामुळे मी अमेरिकन पद्धतीचा पुरस्कर्ता झालो. साडेसात मीटरला १ टक्का म्हणजे साडेसात सेंटिमीटर. तेवढ्या अंतरावर फुल्यांखाली मी एक आडवी पट्टी लावली. पट्टी सरळ लागली आहे का, हे तीन माणसांनी तीन ठिकाणांहून पाहिले आणि तिघांनी तीन वेगवेगळी मते दिली.

जमीन सपाट हवी, असे सगळीकडे लिहिलेले असते. पाणसळ ठेवून पाहिल्यावर आमच्या अंगणात सपाट असे काहीही नाही, हे सिद्ध झाले. पाणी वाहून जावे म्हणून गवंड्याने मुद्दाम दिलेला उतार तिथे होता. आता खरे पाहता उतार असला तरी बिघडत नाही. गाडीखाली आणि गाडीपासून भिंतीपर्यंत तो एकसारखा असला, की मापे जमिनीपासूनच घ्यायची असल्यामुळे सगळे जुळून येते. आमचा उतार मात्र अर्ध्या वाटेवर विचार बदलणारा होता. शेवटी पुढच्या चाकांखाली फळ्या सरकवून मी गाडीला उरलेल्या जमिनीच्या पातळीवर आणले. त्या खटपटीत एक फळी मोडली, ती कोणत्या कपाटाची होती हे नंतर कळले, पण तो वेगळा लेख होईल.

खरा पेच चालकाच्या वजनाचा निघाला. टायरमध्ये योग्य हवा, डिकी रिकामी आणि चालकाच्या जागी एक माणूस, अशा अवस्थेत दिवे तपासायचे असतात. युरोपच्या नियमांत या माणसाचे वजन ७५ किलो धरलेले आहे. मी स्वयंपाकघरात जाऊन, केवळ शास्त्रीय हेतूने, “जरा बाहेर येऊन बसतेस का? ७५ किलोचं माणूस हवंय,” असे म्हटले. त्यानंतर स्वयंपाकघरातून जी शांतता बाहेर आली, तिचे वजन नियमात कुठेही दिलेले नाही. अखेर भाच्याला बसवले. तो ५२ किलोंचा असल्यामुळे त्याच्या मांडीवर जुन्या मासिकांचे गठ्ठे ठेवून मी उरलेले २३ किलो भरून काढले. गाडी स्प्रिंगवर नीट बसावी म्हणून चारही कोपरे दाबून हलवले, तेव्हा “मामा, मला मळमळतंय” असा आवाज गठ्ठ्यांमागून आला.

अंधार पडल्यावर प्रत्यक्ष कामाला सुरुवात झाली. माझ्या गाडीत प्रत्येक दिव्यामागे दोन स्क्रू आहेत. एकाने झोत वरखाली होतो आणि दुसऱ्याने डावीउजवीकडे. मूळ जागा हरवू नये म्हणून किती फेरे फिरवले ते लिहून ठेवावे, असा सल्ला मी वाचला होता आणि त्यासाठी कागद-पेन्सिल घेऊन बसलो होतो. डाव्या दिव्यावर चादर टाकून आधी उजव्याला हात घातला. भिंतीवर त्याची कड मधोमध आडवी येत होती आणि डावीकडे चक्क वर चढत होती. हेच ते वाकडेपण, असे म्हणून मी ती चढण मोडून काढायला बसलो. वरचा स्क्रू, बाजूचा स्क्रू, पुन्हा वरचा. कड संपूर्ण भिंतीवर फिरून आली, तुळशीपर्यंत जाऊन आली, पण चढण काही जाईना. अर्ध्या तासाने भाच्याने मोबाइलवर शोधून वाचून दाखवले, की जिथे रस्त्याच्या डाव्या बाजूने गाड्या चालतात, तिथे कड डावीकडे १५ अंशांनी वर चढलेलीच असते. समोरच्याचे डोळे वाचावेत आणि आपल्या बाजूचा पादचारी व पाट्या दिसाव्यात, यासाठी ती मुद्दाम तशी घडवलेली असते. थोडक्यात, उजवा दिवा अगदी बरोबर होता. होता, म्हणजे अर्ध्या तासापूर्वी.

मी कागद पाहिला. त्यावर सुवाच्य अक्षरात ‘अडीच’, ‘पावणेदोन’, ‘चार’ असे आकडे होते. कोणता स्क्रू आणि कोणत्या दिशेने, हे लिहायचे राहून गेले होते. एवढ्यात जळका वास आला आणि चादर या दिव्यावर फार वेळ टाकून ठेवायची नसते, हेही ज्ञान झाले.

चादर उचलल्यावर डाव्या दिव्याचा उजेड मी पहिल्यांदा नीट पाहिला. त्याला कडच नव्हती. पाण्यात शाई पसरावी तसा तो फुल्यांच्या वर, खाली, छतापर्यंत पसरला होता. जी कडच नाही ती खाली कशी आणायची, या विचारात मी पाच मिनिटे स्क्रू फिरवला आणि मग बॉनेटमध्ये डोके घातले. त्या बल्बच्या बैठकीला तीन कान असतात; वरचा कान इतर दोघांपेक्षा रुंद असतो, म्हणजे बल्ब एकाच पद्धतीने बसावा. मी तो दुसऱ्याच पद्धतीने बसवला होता. शेवटी ‘जरासा दाबला’ म्हणालो, ते हेच. एकाच बल्बात लो आणि हाय अशा दोन्ही तारा आरशासमोर मोजून-मापून ठेवलेल्या असतात. बल्ब तिरका बसला, की आरसा काय करणार? बल्ब काढला, रुंद कान वर करून ठेवला, क्लिप लावली आणि भिंतीवर एक स्वच्छ, सुरेख कड उमटली. ती पट्टीपासून बोटभरही दूर नव्हती. एकाही स्क्रूला हात लावण्याची मुळात गरज नव्हती, हे वाक्य पत्नीने दारातून उच्चारले, मी नाही.

उजव्याला पट्टीवर आणायला रात्रीचे साडेनऊ वाजले. तोवर ११० वॅटचा भार उपसून बॅटरी थकली होती, त्यामुळे गाडी फळ्यांवरून खाली उतरवण्याचे काम भाच्याने आणि मी ढकलून केले.

पुढच्या रविवारी सासू-सासऱ्यांना स्टेशनवर सोडायचे होते. ते दोघे मागे बसले, डिकीत चार बॅगा आणि लोणच्याच्या बरण्या भरल्या, गाडीचा मागचा भाग खाली बसला, नाक वर झाले आणि पहिल्याच वळणावर समोरच्याने डिप्पर मारला. मी मात्र शांत होतो. स्टिअरिंगच्या उजव्या अंगाला ० ते ३ आकड्यांचे एक छोटे चाक असते, जे मी सहा वर्षे रेडिओचे समजून फिरवत होतो. ते भरलेल्या गाडीचे दिवे खाली वाकवण्यासाठी आहे, हे मला अभ्यासात कळले होते. मी ते ऐटीत ० वरून ३ वर नेले आणि उजेड आज्ञाधारकपणे रस्त्यावर उतरला.

“हे चाक त्या दिवशीही होतं?” पत्नीने विचारले.

त्या दिवशी त्याचा काही उपयोग नव्हता, कारण तिरक्या बल्बावर चाकाचा इलाज चालत नाही, हे मी सविस्तर सांगायला सुरुवात केली. मागच्या सीटवरून सासऱ्यांनी विचारले, “जावईबापू, स्टेशनपर्यंत पुरेल ना हे?”