'इग्नाइट' अग्नीतून निघाला का?

फॅमिली ग्रुपवर दर काही महिन्यांनी उगवणारा तो मेसेज तुम्हालाही आला असेल. 'इंग्रजीची आई संस्कृत! इग्नाइट आला अग्नीवरून, ॲक्वा आला आप वरून, हायड्रोजन म्हणजे आपला उद्‌जन, नेव्हिगेशन म्हणजे नवगती. विल्यम जोन्सनेही हे मान्य केलं होतं.' खाली हात जोडलेले आणि 'पुढे पाठवा'.

आधी इग्नाइट, कारण त्यात निदान अर्धं खरं आहे. इंग्रजीने हा शब्द लॅटिन 'इग्निस'वरून घेतला. इग्निस आणि अग्नी यांचं नातं आहेच, पण ते भावंडांचं. लिथुआनियन भाषेत विस्तवाला 'उग्निस' म्हणतात, रशियनमध्ये 'अगोन'. ही सगळी एकाच, आता न उरलेल्या भाषेची लेकरं. चुलतभावाशी चेहरा जुळला म्हणून कोणी त्याचा बाप ठरत नाही.

'फायर'चा मात्र अग्नीशी काहीच संबंध नाही. त्याचा भाऊ ग्रीकमध्ये आहे: 'पूर', म्हणजे आग. इंग्रजीतले पायर (चिता) आणि पायरोटेक्निक्स (आतषबाजी) त्यातूनच आले. मूळचा 'प' इंग्रजीच्या घराण्यात 'फ' होतो, म्हणून पितृ–फादर, पाद–फूट, तसं पूर–फायर. आता मराठी माणसाला पूर म्हटल्यावर पंचगंगा आठवते, आग नव्हे. नुसत्या उच्चारावरून नाती लावली तर काय होतं, त्याचा हा आयता नमुना.

ॲक्वा आणि आप यांचंही तेच. दोन्ही पाणीच, दोन्हींची सुरुवात 'अ'ने, मग अडतं कुठे? 'क्व'पाशी. लॅटिनमध्ये जिथे 'क्व' येतो तिथे संस्कृतात 'क' किंवा 'च' सापडतो: क्विस–कः (कोण), क्वात्तुओर–चत्वारः (चार), 'आणि' या अर्थाचा क्वे–च. तिथे 'प' बसत नाही. 'आप'चे खरे सोयरे फारसीत आहेत. 'आब' म्हणजे पाणी. पंजाबमधला तोच, आणि मराठेशाहीत पिण्याच्या पाण्याची व्यवस्था बघणाऱ्या आबदारखान्यातलाही तोच.

हायड्रोजनची गाडी तर उलटीच चालवली आहे. हे नाव 1787 साली रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए आणि त्याच्या सहकाऱ्यांनी फ्रान्समध्ये, ग्रीक शब्दांवरून रूढ केलं: पाणी निर्माण करणारा. 'उद्‌जन' आपल्याकडे नंतर त्याच धर्तीवर घडवला गेला. घडवणाऱ्यांनी काम मोठं चोख केलं, कारण हायड्र आणि उद, जेन आणि जन या दोन्ही जोड्या खरोखरच एकमेकींच्या बहिणी आहेत. पण नंतर घडलेल्या शब्दाला आधीच्याचा पूर्वज कसं म्हणायचं?

'नवगती'ला तर संस्कृतचं व्याकरणच दाद देणार नाही. नवगती म्हणजे नवी गती. नाव हवी असेल तर 'नौगती' म्हणावं लागेल. नेव्हिगेशनच्या मूळ लॅटिन शब्दात 'नाविस' (जहाज) आणि 'आगेरे' (हाकणे) आहेत. नाविस आणि नौ ही भावंडं. आगेरेचा भाऊ संस्कृत 'अज्' हा धातू आहे, 'गती' नव्हे.

राहता राहिले जोन्ससाहेब, म्हणजे कलकत्त्यात न्यायाधीश असलेले संस्कृतचे ब्रिटिश अभ्यासक. 1786 मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे त्यांनी संस्कृतच्या रचनेची तोंडभरून स्तुती केली, हे खरं. पण त्याच वाक्यात पुढे ते म्हणतात की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच उगमातून आल्या असाव्यात आणि तो उगम कदाचित आता अस्तित्वात नसेल. मेसेजवाले तिथवर पोचतच नाहीत.

गंमत म्हणजे आणखी कितीतरी अस्सल नाती या यादीत नाहीतच. 'उदक' आणि 'वॉटर' एकाच मुळाचे. पाणमांजराला इंग्रजीत ऑटर, संस्कृतात उद्र. तेही त्याच घरातले. आयर्लंड-स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत पाण्याला 'इश्क' म्हणतात, तोही उदकाचा भाऊबंद. त्यांच्या 'जीवनजला'तून जन्मलेली व्हिस्की मात्र संस्कृतीरक्षकांच्या यादीत अजून दिसलेली नाही.