प्रतिकारक किडी आणि मित्रकीटक : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

कीटकनाशकांना न जुमानणाऱ्या किडींमुळे मित्रकीटकांची, म्हणजे किडींवर जगणाऱ्या उपयुक्त कीटकांची, हानी वाढते, या माझ्या लेखाला तुम्ही ‘अर्धवट माहितीवर उभी केलेली भीती’ म्हटले आहे. मतभेदाला माझी हरकत नाही. परंतु ज्या लेखातील एकही विधान तुम्ही खोडून काढलेले नाही, त्याच्या लेखकाच्या अभ्यासावर असे शेरे मारणे मला सभ्यपणाचे वाटत नाही. परोपजीवी, म्हणजे किडींवर वाढून त्यांना मारणाऱ्या, गांधीलमाश्या वाढवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली आहेत. फवारलेल्या पानावरून चालून गेलेली माशी कशी तडफडून मरते, हे मी ऐकीव माहितीवरून लिहिलेले नाही.

तुमच्या प्रतिक्रियेत मुद्दा म्हणावा असे एकच वाक्य आहे : ‘कीड विषाने मरत नसेल, तर तिच्यावर जगणाऱ्यांना उलट जास्तच भक्ष्य मिळेल.’ भक्ष्य उरते हे खरे; पण ते खाणाराही उरायला हवा. प्रतिकारक्षमता येते ती किडीच्या शरीरात : विषाचे विघटन करणारी विकरे वाढतात किंवा विष जेथे काम करते ती जागाच बदलते. त्याच पानावर किडी खाणाऱ्या ढालकिड्याला या बदलाचा काहीही लाभ होत नाही. शिवाय औषध लागू पडेनासे झाले की मात्रा वाढते आणि दोन फवारण्यांमधले अंतर कमी होते. हा वाढीव मारा कीड सोसते, मित्रकीटक सोसू शकत नाहीत. त्यांच्यात प्रतिकारक्षमता मागे पडण्याचे एक कारणही भक्ष्याशीच जोडलेले आहे. सुरुवातीच्या फवारण्यांतून वाचलेल्या मोजक्या किडींपुढे सगळे पीक उभे असते, तर वाचलेल्या मोजक्या परभक्षींपुढे जवळजवळ किडीविना झालेले शेत. ते उपाशी मरतात किंवा निघून जातात, आणि त्यांची प्रतिकारक पिढी वाढतच नाही.

परोपजीवींची स्थिती याहून बिकट असते, कारण त्यांच्यापैकी अनेकांची अळी यजमानाच्या, म्हणजे ज्या किडीवर ती जगते तिच्या, शरीरातच वाढते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेमका तुमचाच प्रश्न तपासला गेला होता. कोबीवरील चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या प्रतिकारक अळ्यांमध्ये डायडेग्मा ही गांधीलमाशी वाढवली गेली. रासायनिक कीटकनाशके पचवून यजमान अळ्या जगल्या, तरीही आतल्या परोपजीवींना इजा झाली. बीटी प्रथिनाला (बीटी या जिवाणूपासून मिळणाऱ्या कीडनाशक प्रथिनाला) प्रतिकारक असलेल्या अळ्यांमध्ये मात्र त्या प्रथिनामुळे परोपजीवींना अपाय झाला नाही. यजमान जगला म्हणजे परोपजीवी सुरक्षित राहिला, हे तुमचे गृहीतक येथेच कोसळते. शेतावरचे उदाहरण हवे असेल, तर इंडोनेशियातील भातशेती पाहा. फवारण्यांनी परभक्षी मारले गेल्यावर तेथे तपकिरी तुडतुड्यांचा उद्रेक झाला, आणि १९८६ मध्ये सरकारला भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी घालावी लागली.

एक गोष्ट मान्य करतो : सर्वच नैसर्गिक शत्रू इतके दुबळे नसतात. सफरचंदाच्या बागांतील काही परभक्षी माइट्समध्ये (कोळ्यांच्या वर्गातील बारीक जीवांमध्ये) ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकांविरुद्ध प्रतिकारक्षमता आलेली आहे, आणि तिचा उल्लेख लेखात शोभला असता. पण एवढ्यावरून साऱ्या लेखाला एकांगी ठरवणे हा न्याय नव्हे.

उत्पादन आणि औषधांच्या किमती यांविषयीचा तुमचा उरलेला मजकूर या विषयाशी संबंधित नाही, त्यामुळे त्यात मी शिरत नाही. डायडेग्माच्या त्या निष्कर्षाचा तुमच्याकडे दुसरा काही अर्थ असेल, तर तो माझ्या हेतूंची चिकित्सा न करता लिहा, मी वाचीन.