पूर आणण्याआधी ही कागदपत्रं जोडा

शेतकरी बंधूंनो, यंदा तुमच्या वावरात आपत्ती यायचीच असेल, तर निदान सरकारी मदतीच्या नियमात बसेल अशी आणा. मागच्या खेपेला बऱ्याच जणांनी घाईघाईत, अर्धवट तयारीनिशी पूर आणला आणि मग तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या. तसं तुमचं होऊ नये म्हणून हे चार शब्द.

पाऊस आधी मोजून घ्या. चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या वर गेला तरच ती अतिवृष्टी. आणि तो तुमच्या वावरात पडून उपयोग नाही, महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकात पडला पाहिजे. ते यंत्र असतं मंडळाच्या गावी. तिथं त्या रात्री टिपूर चांदणं असेल, तर तुमच्या धुऱ्या-बांधावरून वाहिलेलं कंबरभर पाणी हा तुमचा भास समजावा. भंडारा, ब्रह्मपुरी, गडचिरोलीकडच्या लोकांनी 2020 च्या ऑगस्टअखेर हीच चूक केली. पाऊस मध्य प्रदेशात कोसळला, तिथल्या संजय सरोवर धरणाचं पाणी सुटलं, इकडे गोसेखुर्द धरणाची 33 च्या 33 दारं उघडली आणि पावसाचा फारसा जोर नसताना वैनगंगा नदी घरात शिरली. काय हा बेशिस्तपणा!

पिकाचं नुकसान निदान 33 टक्के हवं. 32 वर अडलं असेल तर उरलेली पऱ्हाटी स्वतःच उपटून टाका.

नदीच्या बाजूनं एक पाटी लावा : ‘पाच एकरांपुढे पुराच्या पाण्यास सक्त मनाई.’ केंद्राच्या 2022 ते 2026 च्या निकषात कोरडवाहूला मदत हेक्टरी 8,500 रुपये आणि तीही दोन हेक्टरपर्यंतच, म्हणजे पाच एकर. राज्यानं मधे 13,600 आणि तीन हेक्टर केलं, मग मागे घेतलं, मग ओरड झाल्यावर पुन्हा तीन हेक्टर केलं. तेव्हा पाटी खडूनं लिहा, पुसायला बरी. 8,500 म्हणजे एकरी 3,400. सोयाबीनची एक बॅग आणि डीएपीची एक गोणी आणायला निघालात तर बहुधा घरचेच पैसे घालावे लागतील.

साहेब किंवा पुढारी बांधावर यायचे असतील त्या दिवशी घरातला चिखल उपसू नका. फोटोत लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सातबारा सामाईक असेल तर कृपा करून पूर आणूच नका. आमचा आहे म्हणून सांगतो. आजोबांमागं तोंडी वाटणी झाली, धुरे पडले, जो तो आपापलं वाहून खाऊ लागला. कागदावर मात्र अजून बाबा, दोन काका, दोन आत्या आणि गेलेल्या आत्याची पोरं असा सगळा गोतावळा नांदतो आहे. नाल्याला पूर आला आणि त्यानं नेमकी आमच्याच हिश्श्याची माती खरडून नेली. खाली पिवळा मुरूम उघडा पडला. पात्या-फुलांनी लदलेली पऱ्हाटी मुळांसकट लोळत होती, ठिबकच्या नळ्या बाभळीला लटकल्या होत्या. पटवारी आला, पंचनामा झाला, यादीत नावही लागलं. मग खिडकीवरून आवाज आला, “सगळ्या हिस्सेदारांचं संमतीपत्र आणा.”

म्हटलं, साहेब, नुकसान आमचं एकट्याचं आहे.

“ते बरोबर आहे भाऊ, पण नावं तं सगळ्यांची आहेत ना.”

मग काय, एक आत्या सुरतेला, एक काका अंथरुणावर, चुलतभाऊ पुण्यात. तो फोनवर म्हणतो, “दादा, मले किती भेटन त्याच्यातले?” त्याच्या वावरात पाण्याचा थेंब शिरला नव्हता! आत्याच्या आधारवर सासरचं नाव, सातबाऱ्यावर माहेरचं. म्हणजे तिचं प्रतिज्ञापत्र वेगळं. शेवटी सगळ्या सह्या जमल्या तर केवायसी अडली. आयुष्यभर निंदून-खुरपून बाबांच्या अंगठ्याच्या रेषाच उरल्या नाहीत, यंत्र म्हणतं हा माणूस तो नव्हेच. अरे, नाल्यानं माती नेताना आमच्या सुरतेच्या आत्याची सही घेतली होती का? त्याला बरोबर समजलं कुठल्या धुऱ्यापासून कुठल्या धुऱ्यापर्यंत कुणाचं खायचं. उभा राहून पंचनामा करणाऱ्या सरकारला तेवढं समजू नये?

आणि समजा पैसे पडले. खात्यात पैसे पडले की सरकारच्या लेखी आपत्ती संपली. आमची तिथून सुरू होते. इंचभर माती बनायला शेकडो वर्षं लागतात, ती रात्रीतून गेली. तलावाचा गाळ ट्रॅक्टरनं आणून टाका, शेणखत टाका, तरी मुरमावरची तूर पहिल्या साली गुडघ्याच्या वर जात नाही. त्या सालांचा पंचनामा कुणी करत नाही. ते भरून निघतं सावकाराच्या, नाहीतर बायकोच्या गळ्यातल्या पोतीच्या जिवावर.

बस झालं, आता सरळच बोलतो.

नागपूर जिल्ह्यातल्या मोवाडला 30 जुलै 1991 ला वर्धा नदीच्या पुरात दोनशेवर माणसं गेली. 2005 मध्ये आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा आला. त्यात धोका आधीच कमी करणं, पूर्वतयारी करणं, सगळं लिहिलं आहे. आणि 2021 मध्ये उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावरून एसटी वाहून गेली. सगळी अक्कल पाणी ओसरल्यावर कागद मागण्यातच का खर्च होते? आमच्या नाल्यावरचा रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, दर पावसाळ्यात बुडतो, दर उन्हाळ्यात त्याची मोजणी होते, आणि तो आहे तिथंच आहे. साहेब बदलतात, उंची बदलत नाही.

आणि गावकऱ्यांनो, तुम्हीही मिशा पिळू नका. नाल्याच्या पात्रात चार-चार तासं वाढवून तूर कोण पेरतं? काठावरची बाभळी-करंजी तोडून धुरा कुणी सरकवला? पाणी वाहत असताना पोराला मागं बसवून रपट्यावर मोटारसायकल घालणारे तुम्हीच, आणि पोळ्याला बैल मिरवताना ‘यंदा नाला लय शांत हाये’ म्हणणारेही तुम्हीच. वैशाखात नाला उपसायला जेसीबीच्या डिझेलपुरते पैसे मागायला आम्ही दारोदार फिरलो, तेव्हा ज्यांनी ‘सरकार पाहीन’ म्हणून दार लावून घेतलं, त्यांनी आता यादीत नाव नाही म्हणून पटवाऱ्याच्या नावानं चौकात बोंबलू नये. आधी पात्रातली तूर काढा, मग मोर्च्याला चला. मी येतो.