केसाला मूळ हवं

‘जनावराचा एक केस मिळाला की जनावर नेमकं ओळखता येतं’ हे डीएनए तपासणीवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य अर्धवट आहे. केसाला मूळ असेल तरच ते खरं. आपोआप गळालेल्या केसातून बहुतेक वेळा मायटोकॉन्ड्रियल डीएनएच (पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भागातला) मिळतो आणि तो फक्त आईकडून येतो. म्हणजे म्हैस, तिची रेडी, त्या रेडीची रेडी, सगळ्यांचा सारखाच. कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटावर १९९४ च्या खुनात रक्ताळलेल्या जाकिटावरचे पांढरे केस आरोपीच्या मांजराशी जुळले, कारण त्यातल्या एका केसाला मूळ होतं. शिवाय त्याच बेटावरच्या इतर मांजरांचे नमुनेही तपासले, योगायोग नको म्हणून. लेखात हे यायलाच हवं होतं.

आमच्या खानापूर भागात ऐन पावसाळ्यात भावाची म्हैस चोरीला गेली. संशयित टेम्पोच्या फळीच्या खिळ्याला काळ्या केसांचा झुबका अडकला होता, टोकाला पांढुरकी मुळं स्पष्ट दिसत होती. उपटलेलेच केस ते! तपासाला आलेल्यांनी ते ओलेच प्लास्टिकच्या पिशवीत कोंबले. चार दिवसांत बुरशी. वाळवून साध्या कागदी पाकिटात ठेवायला काय लागतं? प्रयोगशाळा कितीही चांगली असो, असा नमुना घेऊन ती काय करणार?