पिवळ्याला पिवळा

2019 च्या ऑगस्टात कृष्णा सांगलीच्या आयर्विन पुलाशी 57 फुटांवर गेली आणि आमच्या गावभागातल्या घरात छातीएवढं पाणी आलं. गाळ उपसला, गाद्या टाकून दिल्या, खालचं प्लास्टर नवं केलं. खरं अवघड काम त्यानंतरचं. पाण्याच्या वरचा जुना पिवळा तसाच होता आणि त्याला खालचा नवा पिवळा जुळवायचा होता. "वरची भिंत धड हाय, तिला कशाला रंग?" वडिलांचा निकाल. अपील नाही.

हळदीच्या बाजारपेठेत पिवळ्याची काय टंचाई, असं कुणाला वाटेल. पण सांगलीत पिवळ्यातले जाणकार फार. भिंतीचा पोपडा पिशवीतून काढून दुकानाच्या काउंटरवर ठेवला, तर मागचं गिऱ्हाईक मान पुढं काढून म्हणालं, "राजापुरी हळद नव्हं ही, सेलमकडं झुकतीया."

दुकानदारानं पोपड्यावर यंत्र टेकवलं. पडद्यावर नंबर उमटला. मशीननं पांढऱ्या बेसमध्ये पिवळा सोडला, मग लालसर, मग काळ्याचा एक टिपूस. डबा घुसळून निघाला. झाकणावर बोट फिरवून दुकानदार म्हणाला, "जुळला की!" मी म्हटलं, फिका वाटतोय. "वल्ला हाय ओ. वाळला की गडद हुतो." त्यानं हेअर ड्रायर लावला. वाळला, जुळलाही. पण ट्यूबलाइटखाली. दारात उन्हात नेला, तर पोपडा हिरवट आणि झाकण केशरी. दुकानदारानं माझ्याकडं बघून विचारलं, "घरात ऊन येतंय का पण?"

घरी पेंटरनं आणखी मूलभूत प्रश्न काढला. त्यानं दिनदर्शिका उचलली. मागं चौकोनभर लख्ख पिवळा, लग्नाच्या वेळचा. भोवतीची भिंत उन्हानं, धुरानं कधीच वेगळी झालेली. "भाऊ, ह्यातला कुठला जुळवायचा?" आई म्हणाली चौकोनातला, वडील म्हणाले बाहेरचा. चौकोनावर दिनदर्शिका परत टांगली गेली.

मग त्यानं सगळे डबे एका पिंपात ओतून ढवळले. नंबर एक असला तरी डब्याडब्यात फरक पडतो म्हणे, आणि भिंतीच्या मधोमध डबा बदलला तर तिथंच शिवण दिसते. हा माणूस मला एकदम आवडला. पाणीही मापानं घातलं. तरीही दिवसा छातीच्या उंचीवर रेघ दिसायचीच. पाहुणे विचारायचे, "एवढं आलं होतं?" रात्री मात्र भिंत एकसंध. वडील पाहुण्यांना जेवायलाच बोलवू लागले, दुपारचा चहा बंद.

पुढच्या वेळी पोपडा घेऊन हिंडायला नको, म्हणून त्यांनी शेडचा नंबर जपून ठेवला. कागद हरवतात, म्हणून थेट भिंतीवर, कपाटामागं, पेन्सिलीनं, ठळक अक्षरात. गुडघ्याच्या उंचीवर.

2021 च्या जुलैत पाणी परत आलं.