‘सफाईपट्टी भरतो, मग ताईंना वेगळे पैसे कशाला?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ‘त्रस्त करदाता, बिबवेवाडी’,

दारोदार कचरा गोळा करणाऱ्या ताईंवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही चांगलंच झाडलंय. चिडून लिहिलंत, पण मुद्द्याचं लिहिलंत, म्हणून ‘प्रतिक्रियेबद्दल आभार’ एवढ्यावर न भागवता सविस्तर उत्तर देते. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात: मी कचरावेचकांची आरती ओवाळते. मिळकतकराच्या बिलात सफाईपट्टी असताना दरमहा वेगळे पैसे म्हणजे एकाच कामाची दोनदा वसुली, तीही बेकायदा. आपण ओला-सुका वेगळा करायचा आणि पुढे गाडीत सगळा काला. त्यापेक्षा चौकात पूर्वीसारखा कंटेनर ठेवा, ज्याने त्याने नेऊन टाकावं, विषय संपला. शिवाय दिवाळीच्या पोस्तावरून एक टोमणा आणि शेवटी जुन्या गादीचा प्रश्न.

बिलात सफाईपट्टी असते, अगदी खरं. पण त्यातून ताईंचा पगार निघतो असं तुम्ही धरून चाललाय आणि तसं नाही. पुण्यात 1993 साली कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी राहिली, तिच्यामागे कष्टकऱ्यांचे नेते डॉ. बाबा आढाव होते. त्याच कचरावेचकांची पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली आणि 2008 मध्ये तिने महापालिकेशी दारोदार कचरा उचलायचा करार केला. महापालिका साधनं देते, संस्थेच्या व्यवस्थापनाला पैसे देते. ताईंना पगार देत नाही. त्यांची कमाई मुख्यतः दोन गोष्टींची: घरटी महिन्याचे पैसे आणि सुक्या कचऱ्यातून निघणारं भंगार. आणि बेकायदा म्हणाल, तर 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनीच नागरिकावर दोन गोष्टी घातल्या. कचरा वेगळा करून द्यायचा आणि स्थानिक संस्थेने ठरवलेलं शुल्क भरायचं.

‘मग ते शुल्क पट्टीतच घाला आणि मोकळे व्हा’, हे तुमचं पुढचं वाक्य. इथे आपलं जमणार नाही. पैसे पट्टीत गेले की ते आधी महापालिकेकडे जाणार, तिथून कुठल्यातरी ठेकेदाराकडे, आणि चार दिवस कुणी आलं नाही तर तुम्ही नक्की कुणाला धरणार? आज आमच्या इमारतीत ताई आल्या नाहीत तर दुसऱ्या दिवशी जिन्यातच कुणीतरी विचारतं, ‘काय हो, काल कुठे होता?’ आणि उत्तर मिळतं. कधी पटणारं, कधी न पटणारं. महिन्याचे पैसे आपल्या हातून जातात म्हणूनच हा जाब विचारता येतो. तुम्ही बिल भरताना सफाईपट्टीबद्दल कुणाला जाब विचारलाय का कधी? तुमच्याकडच्या ताई खरोखरच वरचेवर दांडी मारत असतील, तर संस्थेच्या समन्वयकाला सांगा, क्षेत्रीय कार्यालयात आरोग्य निरीक्षकाकडे लेखी द्या. आणि पैसे देताना पावती घेत जा, म्हणजे तक्रारीला बळ येतं.

आता गाडीतला काला. तुम्ही पाहिलंत, मीही पाहिलंय. पण गाडी येण्याआधीचा तासभर कधी पाहिलात का? आमच्या गल्लीच्या टोकाला ताई सुक्याच्या पिशव्या उपसतात. पुठ्ठा एका बाजूला, पाण्याच्या बाटल्या दुसऱ्या, दुधाच्या पिशव्या वेगळ्या, पत्र्याचे डबे वेगळे. चिप्सची चकचकीत पाकिटं आणि थर्माकोल यांना गिऱ्हाईक नसतं, ते गाडीत जातं. म्हणजे आपल्याला गाडीत दिसतं ते बरंचसं उरलंसुरलं असतं.

परवा शेजारच्या सोसायटीतून आलेली एक पिशवी त्यांनी माझ्यासमोर उघडली. वर पिझ्झाचा खोका, त्यात कुणीतरी उरलेली आमटी तशीच ओतलेली, आणि त्याखाली बाळाचं डायपर, कागदाचा तुकडाही न गुंडाळता. ताईंनी खोका दोन बोटांनी उचलला, वाकवून पाहिला आणि बाजूला टाकला. भिजलेल्या पुठ्ठ्याला भंगारवाला विचारत नाही. एका वाटीभर आमटीने त्यांचा खोका गेला, आणि डायपरला हात लागला तो वेगळाच. ‘स्वच्छ’ची लाल ठिपक्याची मोहीम याचसाठी आहे. पॅड, डायपर जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळायचं आणि वर पेनाने लाल ठिपका काढायचा, की ताईंना न उघडता कळतं. याला किती वेळ लागतो? आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गणपतीच्या वर्गणीवर रात्री दीडपर्यंत चर्चा चालते, पण हा विषय काढला की सगळे एकदम ऑफलाइन.

गाडीवाला नीट दिलेला ओला कचरा सुक्यात ओतत असेल तर ती तक्रार खरी आहे आणि ती झालीच पाहिजे. गाडीचा नंबर, वेळ आणि फोटो घेऊन करा. पण तो राग काढायला जिन्यात समोर येणारी बाई सोयीची पडते म्हणून तिच्यावर काढू नका.

कंटेनरबद्दल मात्र मला आश्चर्य वाटलं. ओसंडून वाहणारा तो लोखंडी डबा, भोवती कुत्री, प्लॅस्टिक चघळणाऱ्या गायी, रात्री कुणीतरी पेटवून दिलेला कचरा आणि सकाळपर्यंत चालणारा धूर, हे तुम्ही विसरलात? बरं, तो भरला की विषय संपायचा कुठे? आधी कोथरूडच्या कचरा डेपोत. भोवती वस्ती वाढली, ओरड झाली, डेपो हलला आणि आज त्या जागी मेट्रोचा डेपो आहे. मग उरुळी देवाची आणि फुरसुंगीत. तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं आपल्या शहराचा वास घेतला, विहिरींचं पाणी खराब झालं, त्यांनी कितीदा तरी गाड्या अडवल्या. 2017 मध्ये ही गावं महापालिकेत आली. म्हणजे ज्यांच्या दारात आपण कचरा नेऊन ओतत होतो, तेही तुमच्यासारखे करदाते झाले, आणि चांगलेच त्रस्त. सुविधा नाहीत आणि कर भरमसाट, अशी त्यांचीही तक्रार होती. 2022 मध्ये ती गावं पुन्हा वगळायचं ठरलं. तुमच्या चौकातला कंटेनर शेवटी कुणाच्या तरी शिवारात रिकामा व्हायचा. ताई ज्या बाटल्या नि पुठ्ठा वर काढतात, तेवढा माल तरी तिकडे जात नाही.

पोस्ताचं काय! पेपरवाल्याला देता, वॉचमनला देता, तिलाही द्या. नसेल द्यायचं तर नका देऊ, पण त्यावर टोमणा कशाला.

राहिली गादी. ती रोजच्या कचऱ्यात बसत नाही, आणि ताईंनी चौथ्या मजल्यावरून डोक्यावर उतरवावी अशी अपेक्षाही ठेवू नका. ‘स्वच्छ’चा ‘व्ही कलेक्ट’ हा उपक्रम जुने कपडे, फर्निचर वगैरे घेतो. तुमच्या भागात कधी आहे आणि गादी घेतात का, ते ताईंनाच विचारा. तोवर ती गॅलरीत उभी करून ठेवा. रात्री गुपचूप नदीपात्रात नेऊन टाकणारे आपल्याकडे आधीच पुष्कळ आहेत.